शापोरा नदीच्या मुखाशी परतीचे पक्षी

थंडीत आलेले समुद्रपक्षी पाहायला आपण साधारण डिसेंबर-जानेवारीत किनाऱ्यावर जातो. त्यांचा परतीचा काळ मात्र फाल्गुन-चैत्रातला, म्हणजे मार्चच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंतचा. गोव्यात हा निरोप पाहण्यासाठी मोरजीइतकी सोयीची जागा क्वचितच सापडेल. सभासदांना सहकुटुंब जाता यावे म्हणून ही माहिती येथे देत आहोत.

जागा

महाराष्ट्रातून येणारी तिळारी नदी गोव्यात शापोरा होते आणि मोरजीच्या दक्षिण टोकाला, तेंबवाड्याजवळ, समुद्राला मिळते. समोरच्या तीरावर शापोऱ्याचा किल्ला दिसतो. मुखाशी वाळूचा दांडा आहे, आत नदीकाठी चिखलाचा पट्टा. म्हापशाहून शिवोली-चोपडे पुलावरून येथे पोहोचता येते.

कोणते पक्षी दिसतात?

तपकिरी डोक्याचा कुरव: थंडीत याचे डोके पांढरे असते, डोळ्यामागे फक्त एक गडद ठिपका. परतीच्या वेळी सगळे डोके कॉफीच्या रंगाचे होते. हा लडाख व तिबेटमधील उंचावरच्या सरोवरांकडे जातो.

मोठा काळ्या डोक्याचा कुरव: थव्यात आकारानेच उठून दिसतो. जाड पिवळ्या चोचीच्या टोकाजवळ काळा-लाल पट्टा असतो. याची वीण मध्य आशियातल्या सरोवरांकाठी होते.

छोटा चिखल्या: थंडीत मातकट. एप्रिलमध्ये छातीवर विटकरी-नारिंगी पट्टा आणि डोळ्यांवर काळा मुखवटा. आपल्या किनाऱ्यावरचे बहुतेक चिखले हिमालय व तिबेटी पठारावर वीण करतात.

बाकदार चोचीचा तुतवार: पोट विटेसारखे लाल होऊ लागले की निघायची वेळ झाली असे समजावे. याचे घर सायबेरियाच्या अगदी उत्तरेला, टुंड्रा प्रदेशात.

याशिवाय लाटेच्या मागेपुढे पळणारे सँडरलिंग आणि वाळूवर बसलेले सुरयही दिसतात. सगळेच जात नाहीत. चिखल्या-तुतवारांतली पहिल्या वर्षाची काही पिल्ले पावसाळाभर इथेच राहतात. त्यामुळे मेअखेर एखादा मातकट पक्षी दिसला तर तो आजारी आहे असे समजू नये.

केव्हा जावे?

ओहोटीला पक्षी चिखलात पांगून किडे, खेकडे, शिंपले खातात. भरतीला चिखल पाण्याखाली गेला की सगळे दांड्यावर एकत्र येतात, तेव्हा पाहणे सोपे. यासाठी कोकणातला जुना हिशेब उपयोगी पडतो: तिथीला पाऊणने गुणले की भरतीची वेळ मिळते. द्वादशीला नऊ, पंचमीला पावणेचार. हा हिशेब ढोबळ आहे, म्हणून निघण्यापूर्वी मुरगाव बंदराचे भरतीचे वेळापत्रक पाहावे. समुद्र पश्चिमेला असल्याने सकाळी ऊन पाठीशी राहते आणि पक्ष्यांचे रंग नीट दिसतात.

अंतर का ठेवावे?

या दिवसांत पक्षी अंगात चरबी साठवत असतात. पुढच्या हजारो किलोमीटरांची तीच शिदोरी. भरतीच्या वेळी दांड्यावर स्वस्थ उभे राहणे हाही त्या तयारीचा भाग आहे. मुलांनी थवा उडवला, कुत्रे मागे धावले, गाडी वाळूवर आणली किंवा वर ड्रोन फिरवला, की प्रत्येक उड्डाणाला थोडी चरबी जळते. दिवसातून दहादा असे झाले तर पक्षी उपाशीपोटी प्रवासाला निघतो किंवा उशिरा पोहोचतो. टुंड्रातला उन्हाळा अगदी थोड्या दिवसांचा असल्याने उशीर झाला तर त्या वर्षीची वीण हुकू शकते.

म्हणून दुर्बीण न्यावी आणि शंभरेक पावलांवर थांबावे. पक्षी माना उंच करून चालू लागले तर ती उडण्याआधीची खूण, लगेच मागे यावे. मुलांना थवा उडवण्याऐवजी मोजायला सांगावे. तारीख, वेळ आणि संख्या वहीत टिपून ई-बर्डवर नोंदवली तर ती अभ्यासकांच्याही उपयोगी पडते.

याच वाळूत सागरी कासवे अंडी घालतात. कुंपण घातलेल्या जागेजवळ जाऊ नये आणि अंधार पडण्यापूर्वी परतावे.

मेच्या मध्यापर्यंत दांडा जवळजवळ रिकामा होतो. पाऊस सरताना, ऑगस्टअखेरपासून, चिखले-तुतवार पुन्हा उतरू लागतात. कुरव त्यानंतर येतात.