गुडघ्याच्या क्ष-किरण चित्रांचे संगणकीय वाचन

गुडघ्यातील उपास्थीची झीज होऊन उद्भवणाऱ्या अस्थिसंधिशोथाची तीव्रता क्ष-किरण चित्रावरून संगणकाकरवी ठरविण्याची पद्धती. क्ष-किरणांचा शोध व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये लावला. साध्या क्ष-किरण चित्रात उपास्थी दिसत नाही. तथापि ती झिजली म्हणजे मांडीचे व नडगीचे हाड यांमधील अंतर कमी झालेले दिसते, हाडांच्या कडांना काट्यासारखी वाढ होते व उपास्थीखालील हाड अधिक घन दिसू लागते. या लक्षणांवरून ० ते ४ अशा पाच श्रेणी इंग्लंडमधील जे. एच. केल्ग्रेन व जे. एस. लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये मांडल्या. कोळसाखाणींतील कामगारांच्या सांध्यांविषयीचा त्यांचा अभ्यास तत्पूर्वी १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला होता. ही श्रेणीपद्धती जगभर रूढ झाली. परंतु आरंभीच्या श्रेणींबाबत तज्ञांमध्ये मतभेद होतात.

हे काम संगणकावर सोपविण्याचा एक प्रयत्न लिओर शमीर व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेतच २००४ मध्ये सुरू झालेल्या एका दीर्घकालीन पाहणीतून ४,७९६ व्यक्तींची माहिती व चित्रे संशोधकांना उपलब्ध झाली. त्यांच्या साहाय्याने कृत्रिम तंत्रिका जालांना श्रेणी ओळखण्यास शिकविता आले. असे प्रयोग डब्लिन येथे २०१६ मध्ये झाले. फिनलंडमधील औलू येथील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत यंत्राची श्रेणी तज्ञांच्या श्रेणीशी सुमारे ६७ टक्के चित्रांत तंतोतंत जुळली. चिकित्सालयातील वापरासाठी अशा एका प्रणालीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ मध्ये मान्यता दिली.

तज्ञांची श्रेणी हेच प्रमाण मानून शिकविलेल्या यंत्रात त्या श्रेणीच्या मर्यादाही उतरतात. झिजेची श्रेणी समान असूनही कृष्णवर्णीय रुग्ण अधिक वेदना सांगतात, असे अमेरिकेत आढळले होते. एमा पिअरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात यंत्राला तज्ञांच्या श्रेणीऐवजी रुग्णांनी सांगितलेली वेदना शिकविली. वेदनेतील या वांशिक तफावतीपैकी रूढ श्रेणीने ९ टक्के, तर यंत्राच्या मापनाने ४३ टक्के भागाचा उलगडा झाला. म्हणजेच त्या वेदनेची काही कारणे गुडघ्यातच होती व चित्रात दिसतही होती. रूढ मोजपट्टी ती टिपत नव्हती. कृत्रिम सांधा बसविण्याच्या निर्णयात झिजेची श्रेणी विचारात घेतली जात असल्याने या निष्कर्षास विशेष महत्त्व आहे. तथापि केवळ चित्रावरून उपचार ठरत नाहीत. यंत्राच्या वाचनाला रुग्णाची तक्रार व वैद्याची प्रत्यक्ष तपासणी यांची जोड आवश्यक असते.