मकपेलाची वहिवाट

यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमान या तिघांनाही पूज्य असलेल्या जागांविषयी दोन समजुती आढळतात. पूर्वी तिथे सगळे गुण्यागोविंदाने नांदत होते ही एक. हे भाऊबंदकीचे वैर मुळातलेच आहे, ते मिटणे नाही, ही दुसरी. जेरुसलेमच्या दक्षिणेला हेब्रोन शहरात मकपेलाची गुहा आहे. मुसलमान तिला हरम-ए-इब्राहिमी म्हणतात. तिचा इतिहास पाहिला तर या दोन्ही समजुती टिकत नाहीत. तिथली सामाईक उपासना प्रेमातून जन्मली नव्हती आणि वैराने आपोआप संपलीही नाही. ती वहिवाटीवर उभी होती: कुणी कुठल्या बाजूने यायचे, कुठे उभे राहायचे, याच्या रुळलेल्या रीतीवर. मालकी कुणाचीही असो, वहिवाट चालू राही. राज्यकर्त्याने ती जागा आपल्या विजयाची खूण केली, की मात्र ती तुटे.

बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात पत्नी सारेच्या दफनासाठी अब्राहामाने एफ्रोन हित्ती याला ४०० शेकेल रुपे मोजून शेतासकट ही गुहा विकत घेतल्याची कथा आहे. पुढे अब्राहामाला इसहाक आणि इश्माएल या दोन्ही मुलांनी मिळून तिथेच पुरले, असेही त्याच ग्रंथात सांगितले आहे. गुहेभोवतीचा प्रचंड दगडी कोट हेरोद राजाच्या काळचा मानतात. त्या कोटात पुढे ख्रिस्ती चर्च झाले. इ. स. ५७०च्या सुमारास इटलीतल्या पिआचेन्झाहून आलेल्या एका यात्रेकरूने त्याचे वर्णन लिहून ठेवले आहे: मधोमध जाळीचा पडदा, एका बाजूने ख्रिस्ती आत येतात, दुसऱ्या बाजूने यहुदी, आणि दोघेही भरपूर धूप जाळतात. हा यात्रेकरू ऐकीव चमत्कारही सहज लिहून टाकतो, तेव्हा त्याच्यावर किती विश्वास ठेवायचा, अशी शंका रास्त आहे. पण जाळी आणि दोन वाटा या चमत्काराच्या गोष्टी नव्हेत. शिवाय पाचव्या शतकातला इतिहासकार सोझोमेन जवळच्याच माम्रे इथल्या उन्हाळी जत्रेविषयी असेच सांगतो. तिथे यहुदी, ख्रिस्ती आणि मूर्तिपूजक एकत्र जमत, प्रत्येक जण आपापल्या कारणासाठी.

त्या काळचे बायझंटाइन राज्य यहुद्यांशी उदार होते, असे मात्र कुणी समजू नये. त्यांच्यावर कायद्याने अनेक बंधने होती. म्हणूनच त्या जाळीचे मोल मोठे आहे. मनाने जवळ नसलेल्या माणसांनाही एका छताखाली प्रार्थना करता येत होती. अरबांच्या विजयानंतर इथे मशीद झाली. एका जुन्या लॅटिन वृत्तांतानुसार, कोटाचे दार कुठे फोडावे हे यहुद्यांनी अरबांना दाखवले आणि त्या बदल्यात दाराशी सभास्थान बांधायची परवानगी मिळवली. कथेतला तपशील खरा असो वा नसो, हा व्यवहार तेव्हाच्या लोकांना स्वाभाविक वाटत होता, एवढे तिच्यावरून नक्की कळते. क्रूसेडरांनी मशिदीचे चर्च केले. तरी ११६५ मध्ये मायमोनिदीस या यहुदी पंडिताने इथे येऊन प्रार्थना केली. तुदेलाचा बेंजामिन लिहितो, की यहुदी यात्रेकरूने द्वारपालाला पैसे दिले तर त्याला खालची खरी गुहा दाखवत. चिरीमिरी देऊन का होईना, वहिवाट जिवंत होती.

ती तोडली मामलुक सुलतान बैबर्सने. १२६६ मध्ये त्याने यहुदी आणि ख्रिस्ती यांना आत यायची बंदी केली. पुढे यहुद्यांना बाहेरच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंतच जाता येई. १८६२ मध्ये इंग्लंडच्या युवराजाला आत सोडले, तो एक अपवाद. यहुद्यांवरची बंदी टिकली १९६७ पर्यंत, म्हणजे सुमारे ७०० वर्षे. दरम्यान १९२९ मध्ये हेब्रोनमध्ये ६७ यहुदी मारले गेले. १९६७ नंतर दार यहुद्यांनाही उघडले, पण इस्रायली लष्कराच्या ताब्याखाली. २५ फेब्रुवारी १९९४ रोजी, रमजानमध्ये, पहाटेच्या नमाजाला बसलेल्या २९ मुसलमानांना एका यहुदी वसाहतवाल्याने गोळ्या घालून मारले. त्यानंतर इमारतीची वाटणी झाली.

सहाव्या शतकातही मध्ये जाळी होती, आजही आडपडदा आहे, मग फरक काय, असे कुणी विचारील. फरक हेतूचा आहे. ती जाळी दोघांना एकाच वेळी आत येता यावे म्हणून होती. आजची भिंत एकाने दुसऱ्याला मारू नये म्हणून आहे. पहिली उपासकांच्या रिवाजाने टिकली, दुसरी सैनिकांच्या पहाऱ्यावर टिकते. आज वर्षातले दहा दिवस सबंध इमारत यहुद्यांकडे असते आणि दहा दिवस मुसलमानांकडे. त्या दिवसांत दुसऱ्या पक्षाला आत प्रवेश नसतो.