माळ्यावरची बैठक

घराचा इतिहास सांगूं लागणारा मनुष्य बहुधा जोत्यापासून आरंभ करितो. ओसरी, माजघर, देवघर, परसू यांचें वर्णन तो मोठ्या आवडीनें करितो. परंतु माळ्यापाशीं आला कीं त्याची लेखणी अडते. माळा ही कोणाच्याच अभिमानाची जागा नसते. जें नित्य लागत नाहीं आणि टाकूनही देववत नाहीं, तें माळ्यावर जातें. पंचवीसांहून अधिक वर्षें इतिहास शिकविणाऱ्या प्रस्तुत लेखकासही स्वतःच्या घराचा माळा नीट चढून पाहावा असें कधीं वाटलें नव्हतें.

प्रसंग आला तो मुलाच्या लग्नामुळें. नंदुरबारच्या जुन्या वस्तींत आमचें वडिलोपार्जित घर आहे. खालीं खोल्या मोजक्या. त्यांतली एक नव्या जोडप्यास दिली, तेव्हां आम्हां दोघां वडील माणसांच्या अंथरुणाचा प्रश्न उभा राहिला, आणि त्याच्या पाठोपाठ माझ्या गाण्याचा. "अहो, माळा मोकळा करा, आणि तुमचें तें गाणेंही वरच न्या," असा निकाल घरांतून मिळाला. मजुरीचा आंकडा ऐकल्यावर बहुतेक काम स्वहस्तें करावयाचें मीं ठरविलें. जेथें तुळईला हात लावावयाचा होता तेवढ्यापुरता सुतार बोलाविला. साफसफाईच्या तिसऱ्या दिवशीं जुन्या कणगीमागें गोणपाटांत गुंडाळलेला आजोबांचा किल्लीचा ग्रामोफोन आणि तबकड्यांची पत्र्याची पेटी सांपडली. तेव्हांपासून खिळे ठोकतां ठोकतां एकच प्रश्न मनांत घोळूं लागला : आपल्या मध्यम स्थितींतल्या घरांत आजवर गाणें कोणीं ऐकलें, आणि कोठें बसून ऐकलें?

प्रथम माळ्याविषयीं. खानदेशांतील घरांचीं छपरें दोन तऱ्हांचीं. जेथें पाऊस थोडा, तेथें तुळयांवर लाकडाच्या किलच्या आणि त्यांवर माती चोपून केलेलें सपाट धाबें. धाब्यावर उन्हाळ्याच्या रात्रीं सुखानें निजतां येतें. परंतु धाब्याच्या घराला माळा नसतो. नवापूर-अक्कलकुव्याच्या डोंगराळ, पावसाळी मुलखाकडे सरकूं लागलें कीं उतरतें कौलारू छप्पर दिसूं लागतें. नंदुरबार शहरांत दोन्ही तऱ्हा सांपडतात. आमचें घर कौलारू. त्याचें सागवान सातपुड्यांतलें, तळोद्याकडून गाड्यांनीं आणलेलें, असें आजोबा सांगत. कौलें मात्र दूरदेशची विद्या घेऊन आलेलीं. बासेल मिशननें १८६५ सालीं मंगळूर येथें कौलांचा कारखाना काढला. एकमेकांत खांचेनें बसणारीं तीं चपटीं कौलें पुढें देशभर पसरलीं. 'मंगळुरी' हें नांव आपण आजही घेतों, परंतु आपल्या डोक्यावरील सावलीचा हा इतिहास आपणांस आठवत नाहीं.

या छपराखालच्या तिकोनी पोकळींत आपल्याकडे माणूस क्वचितच राहिला. पॅरिसच्या उंच इमारतींत छपराखालच्या चिंचोळ्या खोल्या मोलकरणींना मिळत, आणि दरिद्री विद्यार्थी व कलावंतही तेथेंच दिवस काढीत. आमच्याकडे ती जागा धान्याची, लग्नकार्याच्या मोठ्या पातेल्यांची आणि रिकाम्या पाळण्याची. निजण्यासाठीं राखून ठेविलेली खोली हीच मुळीं आमच्यांत नवी गोष्ट. पुरुषांनीं ओसरीवर किंवा अंगणांत पडावें, बायकामुलांनीं माजघरांत, अशी जुनी वहिवाट. ज्या घरांत निजण्यासही स्वतंत्र जागा नव्हती, त्या घरांत गाणें ऐकण्याची जागा कोठून असणार?

गाण्याची जागा होती ती दुसऱ्याच्या घरीं. अल्लादिया खांसाहेबांना कोल्हापुरांत शाहू महाराजांचा आश्रय होता. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या दरबारीं मौलाबक्ष होते, आणि त्यांच्या हाताखालीं १८८६ सालीं तेथें गायनशाळाही निघाली. रागदारी संगीत ऐकावयाचें तर राजाचा दरबार, सावकाराचा दिवाणखाना किंवा मोठ्या शहरांतील एखादा गायनसमाज हवा. लहान गांवच्या सामान्य गृहस्थाच्या कानीं येई तें भजन, कीर्तन आणि फिरत्या नाटक मंडळीचीं पदें. स्त्रियांचा वांटा याहूनही कमी. गाणाऱ्या स्त्रियांना सभ्य घरांत मान नव्हता, आणि सभ्य घरांतील स्त्रियांना गाण्याच्या बैठकींत जागा नव्हती. एकीला दाराबाहेर उभें केलेलें आणि दुसरीला दाराआड.

ही कोंडी फोडली ती एका काळ्या तबकडीनें. १९०२ सालच्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायझबर्ग कलकत्त्यास आला आणि त्यानें गौहरजान यांचें गाणें मुद्रित केलें. त्या वेळीं विजेचा ध्वनिग्राहक नव्हता. गाणाऱ्यानें मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून गावयाचें आणि दोनतीन मिनिटांत राग आटोपावयाचा. आपली विद्या चोरीला जाईल या भयानें अनेक उस्ताद या यंत्रापासून दूर राहिले. पुढें आल्या त्या बहुतांशीं पेशेवाईक गायिका. आरंभीं तबकड्या जर्मनींत हॅनोव्हर येथें छापून बोटीनें परत येत. १९०८ सालीं कलकत्त्यास कारखाना निघाला. तबकडी घडे ती लाख, दगडाची वस्त्रगाळ पूड आणि काजळी यांची. फाल्गुनांत आमच्या सातपुड्यांत जो पळस पेटलेला दिसतो, त्याच जातीच्या झाडांवर लाखेचा किडा वाढतो. जंगलांतल्या किड्याचा चीक आणि उस्तादाचा कंठ यांची अशी गांठ पडली!

या यंत्राला वीज लागत नसे, ही गोष्ट आपण विसरतों. किल्ली फिरवावी, सुई टेंकवावी, गाणें सुरू. म्हणून विजेचे दिवे नसलेल्या गांवांतही ग्रामोफोन आधीं पोंचला. आजोबांनीं तो दुसऱ्या महायुद्धाच्या आधीं मुंबईहून आणिला. संध्याकाळीं तो ओसरीवर मांडला जाई, शेजारचे पुरुष जमत, सुपारी कातरली जाई. आजी माजघराच्या दाराआड उभी राही. म्हणजे यंत्र नवें आलें, तरी बैठक जुनीच राहिली. परंतु दुपारीं पुरुष बाहेर गेले कीं ती स्वतः किल्ली देई आणि शेजारच्या दोघीतिघी येऊन बसत. अब्दुल करीम खांसाहेबांची झिंझोटीची तबकडी तिची फार आवडती. तिच्या खालोखाल हिराबाई बडोदेकर. हिराबाई खांसाहेबांचीच कन्या. १९२० नंतरच्या दशकांत तिकीट लावून जाहीर मैफल करण्याचें धैर्य त्यांनीं दाखविलें, तेव्हां महाराष्ट्रांत ती अपूर्व गोष्ट होती. आजीनें कोणतीही मैफल उभ्या जन्मांत पाहिली नाहीं. तरी "मीं पुष्कळ गाणें ऐकलें रे," असें ती मला अभिमानानें सांगे. ऐकण्याचा हक्क तिला कोणीं दिला नव्हता. दुपारच्या दोन तासांत तिनें तो किल्ली फिरवून घेतला होता.

वडिलांच्या वेळीं रेडिओ आला. मुंबईचें नभोवाणी केंद्र १९२७ सालीं निघालें होतें, परंतु आमच्या घरीं रेडिओ यावयास पुढें कित्येक वर्षें लागलीं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रांत नभोवाणीचे मंत्री असतां १९५२ सालीं संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. शनिवारीं रात्रीं सर्वत्र निजानीज झाल्यावर वडील ट्रान्झिस्टर कानाशीं धरून बसत. तबकडीनें बैठक ओसरीवर आणिली होती. ट्रान्झिस्टरनें ती एकट्याच्या कानापर्यंत आणिली. पुढें मी कॅसेटी ऐकूं लागलों, मुलगा कानांत बोंडें घालून ऐकतो. ऐकणारे वाढले, पण एकत्र बसून ऐकणारे घटले. या हिशेबांत मीही माझ्या माळ्यावर एक एकांतच बांधीत होतों, हें तेव्हां माझ्या ध्यानांत आलें नव्हतें.

बांधणींतल्या दोन अडचणी सांगण्याजोग्या आहेत. पहिली उष्णतेची. एप्रिल-मे महिन्यांत येथें पारा ४२ अंशांच्या वर जातो, आणि तापलेलें कौल रात्रींही आग ओकतें. मीं कौलांखालीं फळ्यांचें अस्तर मारलें, पण कौलें आणि फळ्या यांमध्यें चार बोटें पोकळी राखली; आढ्यापाशीं दोन्ही बाजूंच्या तिकोनी भिंतींत जाळ्या बसविल्या. तापलेली हवा वर चढते, ती तेथून निघून जाऊं लागली. दुसरी अडचण नादाची. रिकाम्या खोलींत सूर भिंतींवर आपटून घोळत राही. १८९५ सालीं हार्वर्डच्या विद्यापीठांत असाच तंटा उभा राहिला होता. नव्या व्याख्यानगृहांत उच्चारलेला शब्द साडेपांच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण अध्यापकानें रात्रीं सामसूम झाल्यावर शेजारच्या नाट्यगृहांतील गाद्या आणून मांडल्या, एकेका गादीनिशीं घुमारा किती कमी होतो तें घड्याळ लावून मोजलें, आणि ध्वनिगृहांचें शास्त्र जन्मास आलें. मीं घरांतल्या जुन्या गोधड्या भिंतींवर टांगल्या. आजीनें शिवलेल्या दोन त्यांत होत्या. सूर जागेवर बसला. आवाज खालीं जाऊन कोणाची झोंप मोडूं नये म्हणून जिन्याच्या तोंडाशीं जाड फळ्यांची झडप केली. खोली पुरी झाली, आणि मी झडप लावून आंत बसलों.

पहिल्याच उन्हाळ्यांत शिक्षा मिळाली. तबकड्या मीं छपराच्या उतरणीखालच्या फळीवर तिरप्या टेंकवून ठेविल्या होत्या. हवा खेळती झाली होती, तरी छपरालगतची ती सांदड तापतच होती. लाख उष्णतेनें मऊ होते, हें पुस्तकांतून वाचलेलें होतें. शिकवितांना सांगितलेंही होतें. मेअखेरीस झिंझोटीची तबकडी काढली तों ती भाजलेल्या पापडासारखी वांकलेली. सुई लावली, ती घसरून कडेला गेली. तेंच गाणें आज दुसरीकडे सहज मिळतें. परंतु आजीच्या हातची ती तबकडी सत्तर-ऐंशी वर्षें कणगीमागें धुळींत सुरक्षित होती, आणि मीं तिला मानाची जागा देऊन एका उन्हाळ्यांत घालविली. याचा दोष मला दुसऱ्या कोणाकडे ढकलतां येत नाहीं.

उरलेल्या तबकड्या खालीं माजघराच्या जाड मातीच्या भिंतींतील फडताळांत उभ्या लावल्या. घरांतली सर्वांत थंड जागा तीच. तेव्हांपासून रोज रात्रीं मी वरून नांव सांगूं लागलों आणि सूनबाई तबकडी जिन्यावरून हातीं देऊं लागली. एके रात्रीं गाणें संपल्यावर पाणी आणावयास झडप उचलली, तों ती तिसऱ्या पायरीवर भिंतीला टेंकून बसलेली दिसली. रोज ती असें बंद झडपेखालीं बसून ऐकत होती. वर यावें असें मीं म्हटलें नव्हतें, आणि विचारावें असें तिला वाटलें नव्हतें. आजीचें दार आणि माझी झडप यांत ऐंशी वर्षांचें अंतर होतें. याहून अधिक अंतर असावें, अशी निदान माझी तरी समजूत होती.

दुसऱ्या दिवशीं मीं बिजागऱ्या सोडवून झडप काढून टाकली. त्या फळ्यांची आतां वर एक बैठी चौकी झाली आहे. खालीं थोडा आवाज जातो. त्याबद्दल अद्याप कोणीं तक्रार केलेली नाहीं. रात्रीं आम्ही तिघें बसतों. मुलगाही केव्हां केव्हां कानांतलीं बोंडें काढून येतो. कोणती तबकडी लावावयाची तें सूनबाई ठरविते, आणि किल्लीही तीच देते.