जपानच्या क्रूझवर कोरियाचा थांबा का असतो? आणि त्यामुळे व्हिसाचं गणित कसं बदलतं?

योकोहामाहून निघायचं, नागासाकी, कागोशिमा पाहायचं, एक दिवस कोरियातल्या बुसानला थांबायचं आणि पुन्हा योकोहामाला परतायचं. जपानच्या क्रूझचे रील्स पाहिलेत, तर हा मार्ग ओळखीचा वाटेल. यातला बुसानचा थांबा अनेकांना बोनस वाटतो. एका खर्चात दोन देश!

पण हा बोनस नसतो. बहुतेक वेळा तो कायद्याने आलेला थांबा असतो. आणि भारतीय पासपोर्ट असलेल्या प्रवाशाची सगळ्यात महागडी चूक याच एका दिवसामुळे होऊ शकते. कशी, ते समजून घेऊ.

1899 चा कायदा काय सांगतो?

जपानमध्ये 1899 साली जहाजांविषयीचा कायदा झाला. तो आजही लागू आहे. परदेशात नोंदणी झालेल्या जहाजाला विशेष परवानगीशिवाय जपानच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी किंवा माल नेता येत नाही, असं त्यात म्हटलं आहे. देशांतर्गत जलवाहतूक देशातल्याच जहाजांसाठी राखून ठेवणारे असे कायदे अमेरिकेसह अनेक देशांत आहेत.

आता मोठ्या क्रूझ कंपन्यांची जहाजं पाहा. त्यांची नोंदणी बहुतेक वेळा बहामास, पनामा, बर्म्युडा अशा देशांत असते. 'डायमंड प्रिन्सेस' हे जहाज तर नागासाकीतच बांधलेलं. पण 2020 मध्ये त्यावर ध्वज होता ब्रिटनचा. म्हणजे बांधणी जपानची असली, तरी कायद्याच्या नजरेत जहाज परदेशी.

अशा जहाजाने वाटेत एखादं परदेशी बंदर घेतलं, तर प्रवास आंतरराष्ट्रीय ठरतो आणि अडचण सुटते. 'आसुका 3'सारख्या जपानी नोंदणीच्या जहाजांना ही अट नाही. ती पूर्ण प्रवास जपानमध्येच करू शकतात.

मग बुसानच का?

उत्तर नकाशात आहे. जपानच्या फुकुओका शहरातल्या हाकाता बंदरापासून बुसान साधारण 200 किलोमीटरवर आहे. जहाजासाठी हे एका रात्रीपेक्षाही कमी अंतर. कोरियाचं जेजू बेटही जवळच आहे. शिवाय जपान आणि कोरियाची वेळ एकच आहे, भारताच्या साडेतीन तास पुढे. घड्याळही बदलावं लागत नाही.

व्हिसाचं गणित कुठे चुकतं?

समजा, पुण्यातलं एक कुटुंब विमानाने टोकियोला उतरलं आणि योकोहामाहून क्रूझवर चढलं. विमानतळावर जपानमध्ये त्यांचा पहिला प्रवेश झाला. जहाज बुसानला गेलं, म्हणजे ते जपानच्या बाहेर पडले. जहाज परत योकोहामाला आलं, की तो दुसरा प्रवेश.

सिंगल एंट्री व्हिसा पहिल्याच प्रवेशात संपलेला असतो. भारतात राहणाऱ्यांसाठी 1 एप्रिल 2024 पासून जपानचा पर्यटक ई-व्हिसा सुरू झाला. पण तोही सिंगल एंट्रीच आहे. त्यामुळे अशा मार्गासाठी डबल किंवा मल्टिपल एंट्री व्हिसा लागतो. अर्ज भरतानाच तो मागावा लागतो आणि सोबत क्रूझचं वेळापत्रक जोडावं लागतं.

ही चूक साधारणपणे बोर्डिंगच्या काउंटरवर लक्षात येते. कागदपत्रं अपुरी असतील, तर कंपनी जहाजावर चढू देत नाही. अशा वेळी तिकिटाचे पैसे परत मिळण्याची शक्यता फार कमी असते.

'क्रूझवाल्यांना व्हिसा लागत नाही' हे खरं आहे का?

अर्धवट खरं आहे. जपानने 2015 पासून ठरावीक क्रूझ जहाजांच्या प्रवाशांसाठी व्हिसाशिवाय उतरण्याची खास परवानगी सुरू केली. पण ती जहाजानेच जपानला आलेल्या आणि त्याच जहाजाने परत जाणाऱ्या प्रवाशांसाठी आहे. विमानाने येऊन योकोहामाहून जहाज पकडणाऱ्यांना तिचा आधार घेता येत नाही.

कोरियातही क्रूझच्या प्रवाशांना 3 दिवसांपर्यंत उतरू देण्याची तरतूद आहे. पण ती तुमच्या जहाजाला आणि तुमच्या पासपोर्टला लागू होते का, हे कंपनीकडून लेखी घ्यावं. कंपनीने कोरियाचा व्हिसा मागितला, तर तो काढावाच लागतो. 'मी बुसानला उतरणारच नाही' असं सांगूनही ही अट सहसा टळत नाही.

जाहिरातीत एक शहर, जहाज मात्र दुसरीकडे

वेळापत्रकात 'सोल' लिहिलेलं असतं, पण सोलला समुद्र नाही. जहाज इंचॉनला लागतं आणि तिथून शहरात पोहोचायला तासाच्या वर वेळ जाऊ शकतो. 'क्योटो' म्हणजे ओसाका किंवा कोबे, 'माउंट फुजी' म्हणजे शिमिझू. सकाळी 8 ते संध्याकाळी 5 असा थांबा असेल, तर उतरण्याची रांग, तपासणी आणि जाण्या-येण्याचा वेळ वजा करता हातात पाच-सहा तासच उरतात.

म्हणून काही बंदरं क्रूझसाठी जास्त सोयीची ठरतात.

नागासाकी: जहाज जवळजवळ शहरातच लागतं. 1641 पासून दोनशेहून अधिक वर्षं युरोपियनांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना जपानमध्ये थारा होता, तोही इथल्या देजिमा या छोट्याशा कृत्रिम बेटावर. 9 ऑगस्ट 1945 ला सकाळी 11 वाजून 2 मिनिटांनी याच शहरावर अणुबॉम्ब पडला. त्या जागेजवळच्या शांती उद्यानापर्यंत ट्रामने जाता येतं.

कागोशिमा: समोरच साकुराजिमा हा जागृत ज्वालामुखी. फेरीबोटीने 15 मिनिटांत तिथे पोहोचता येतं. 1914 च्या उद्रेकातल्या लाव्हामुळे हे बेट मुख्य भूमीला जोडलं गेलं.

बुसान: जागाल्चीचा मासळी बाजार आणि डोंगरउतारावरची गामचॉनची रंगीत वस्ती प्रसिद्ध आहे. कोरियन युद्धात हे शहर दक्षिण कोरियाची तात्पुरती राजधानी होतं. भारतीय लष्कराचं 60 पॅरा फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक नोव्हेंबर 1950 मध्ये याच बंदरात उतरलं होतं. त्या युद्धात मारल्या गेलेल्या अनेक देशांच्या सैनिकांची संयुक्त राष्ट्रांची दफनभूमीही इथे आहे.

जेजू: ऑक्सिजन सिलिंडरशिवाय समुद्रात बुडी मारून शिंपले, शंख काढणाऱ्या 'हेन्यो' महिलांचं हे बेट. 2016 मध्ये युनेस्कोने या परंपरेला वारसा म्हणून मान्यता दिली.

ठरलेला मार्ग बदलू शकतो का?

हो, आणि तिकिटाच्या अटींमध्ये तसं लिहिलेलंही असतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये या समुद्रात टायफून म्हणजे चक्रीवादळं येतात. तेव्हा बंदर बदलतं किंवा वगळलं जातं. अशा वेळी साधारणपणे बंदराचं शुल्क परत मिळतं, पूर्ण भाडं नाही.

कधी कारण राजकीय असतं. दक्षिण कोरियाने अमेरिकेची 'थाड' क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवायला घेतल्यावर चीन नाराज झाला. मार्च 2017 मध्ये जेजूला पोहोचलेल्या एका क्रूझवरच्या सुमारे 3,400 चिनी पर्यटकांनी जहाजातून उतरायलाच नकार दिला होता.

आणि कधी साथ येते. फेब्रुवारी 2020 मध्ये कोरोनामुळे 'डायमंड प्रिन्सेस' योकोहामात अडकलं. जहाजावरच्या 3,711 जणांपैकी 712 जणांना लागण झाली. त्यावर 138 भारतीय होते, त्यातले 132 कर्मचारी. गोवा-कोकणात 'मुलगा बोटीवर असतो' हे वाक्य नवीन नाही. त्यामुळे ती बातमी इथल्या घरांसाठी फार लांबची नव्हती.

बुकिंगआधी काय विचारायचं?

1. जहाज जपानबाहेर कोणत्या बंदरात थांबतं? त्यानंतर पुन्हा जपानमध्ये येतं का?
2. भारतीय पासपोर्टसाठी दोन्ही देशांचे कोणते व्हिसा लागतील? उत्तर ईमेलवर घ्यावं.
3. प्रत्येक थांब्यावर नेमकं कोणतं बंदर आणि किती तास?
4. बंदर रद्द झालं किंवा व्हिसा नाकारला गेला, तर किती पैसे परत मिळतील?
5. जहाज चुकलं, तर पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चाने जावं लागतं. प्रवास विमा त्याचा खर्च देतो का?

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात 'बुसान' किंवा 'जेजू' आलं आणि त्यानंतर जहाज जपानला परतणार असेल, तर व्हिसाच्या अर्जावर एंट्रीचा रकाना भरताना हा थांबा आठवायलाच हवा.