एकच औषध एकाला तारतं, दुसऱ्याला मारक ठरतं; कॉम्प्युटर हे आधीच सांगू शकेल का?

समजा, बुलढाणा जिल्ह्यातल्या धाड इथे सोयाबीन सोंगताना दोघांच्या हाताला विळा लागला. दोघांच्याही जखमेत जंतुसंसर्ग झाला. एक जण आठवड्याभरात बरा झाला. दुसऱ्याला सेप्सिस होऊन आयसीयूत न्यावं लागलं. असं का होतं?

दाह म्हणजे काय?

जखमेची जागा लाल होते, सुजते, ठणकते. यालाच दाह किंवा इन्फ्लमेशन म्हणतात. टीएनएफसारख्या प्रथिनांमार्फत पेशी एकमेकींना धोक्याचा निरोप देतात. दाह कमी पडला तर जंतू वाढतात. तो आटोक्याबाहेर गेला तर स्वतःच्याच अवयवांना इजा होते. हा तोल प्रत्येकाच्या शरीरात वेगळा असतो.

कॉम्प्युटर मॉडेल काय करतं?

आठवडी बाजारातली गर्दी कुणी ठरवत नाही. प्रत्येक जण आपापल्या कामाने चालतो आणि त्यातून कोंडी होते. 'एजंट-बेस्ड' मॉडेलमध्ये प्रत्येक पेशीला असेच साधे नियम दिले जातात. दाह कुठे वाढतो, कुठे शमतो हे मग स्क्रीनवर दिसतं. सर्जन गॅरी अॅन यांनी सेप्सिससाठी असं मॉडेल तयार केलं. दुसऱ्या प्रकारात हेच गणिती समीकरणांनी मांडलं जातं.

२००४ मध्ये काय दिसलं?

टीएनएफ रोखणारी औषधं सेप्सिसच्या चाचण्यांमध्ये अपेक्षेइतकी यशस्वी ठरली नव्हती. पिट्सबर्गच्या गिल्स क्लेरमाँट आणि सहकाऱ्यांनी कॉम्प्युटरवर १,००० काल्पनिक रुग्ण तयार करून हा उपचार तपासला. त्यात काहींना फायदा, तर काहींना अपाय झाला. सरासरी काढली की हा फरक झाकला जातो.

खऱ्या रुग्णांमध्ये असं घडतं का?

हो. कोविडकाळात, २०२० च्या ब्रिटनमधल्या 'रिकव्हरी' चाचणीत डेक्सामेथासोनमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना मात्र फायदा झाला नाही.

अडचण कुठे आहे?

ही मॉडेल्स अजून मुख्यतः संशोधनातच आहेत. शिवाय मॉडेल शिकतं ते मिळालेल्या माहितीवरून. ती फक्त परदेशी रुग्णालयांतली असेल, तर धाडच्या रुग्णाबाबत अंदाज चुकू शकतो. गावातून माहिती गोळा करणं अशक्य नाही. १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये घरोघरी जाऊन संधिवाताच्या रुग्णांची नोंद केली होती. सेप्सिसबाबतही गावोगावच्या अशा नोंदी लागतील.

तोवर एक लक्षात ठेवा: जखमेनंतर ताप, धाप किंवा गोंधळल्यासारखं वाटलं, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.