आज्ञार्थाकडून विध्यर्थाकडे

संगणकाचा इतिहास बहुधा शोधकर्त्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. यंत्र कोणी घडवले, भाषा कोणी रचली, कंपनी कोणी काढली, याच्या हकिकती त्यात असतात. त्या यंत्रांची रोजची देखभाल कोणी केली, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. एखाद्या संस्थेत पाचशे संगणक असले, तर पाचशे ठिकाणी नवी खाती उघडणे, जुने प्रोग्रॅम बदलणे, कोणती फाईल कोणी उघडावी याचे नियम लावणे, हे काम कोणीतरी करत असतेच. त्या माणसाला सगळीकडे सिस्टिम ॲडमिन म्हणतात. माझी नोकरी याच कामात गेली. या कामात गेल्या चाळीस वर्षांत झालेला एक बदल मला या लेखात मांडायचा आहे. तो बदल तंत्रज्ञानाचा आहेच, पण मला तो अधिक व्याकरणाचा वाटतो.

मराठी व्याकरणात क्रियापदाचे अर्थ सांगताना आज्ञार्थ आणि विध्यर्थ असे दोन प्रकार शाळेत शिकवतात. 'दार लाव' हा आज्ञार्थ. 'दार बंद असावे' हा विध्यर्थ. पहिल्या वाक्यात कृती सांगितली आहे, दुसऱ्यात स्थिती. संगणकांच्या देखभालीचा प्रवास पहिल्या वाक्याकडून दुसऱ्याकडे झाला.

एका संस्थेत एकच मोठा संगणक असायचा, तोवर हा फरक कोणाला जाणवला नाही. सांभाळणाऱ्याला ते एक यंत्र पाठ असायचे. १९८०च्या दशकात टेबलावर मावणारे संगणक आले आणि एका यंत्राची शेकडो यंत्रे झाली. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने १९८३ साली डिजिटल इक्विपमेंट आणि आयबीएम यांच्या साहाय्याने 'अथीना' हा प्रकल्प सुरू केला. विद्यार्थ्याने आवारातील कोणत्याही संगणकावर बसावे आणि त्याला आपले खाते, आपल्या फायली तिथे मिळाव्यात, ही त्यामागची कल्पना होती. इतकी यंत्रे हाताने सारखी ठेवणे अशक्य होते. म्हणून तिथे 'मोइरा' नावाची व्यवस्था उभी राहिली. ग्रीक पुराणात नियती ठरवणाऱ्या देवतांचे हे नाव. सगळी माहिती एका ठिकाणी नोंदवायची आणि निरनिराळ्या यंत्रांना लागणाऱ्या फायली त्या नोंदींवरून तयार करून पाठवायच्या, असे तिचे काम होते. प्रत्येक यंत्राचे सत्य त्या यंत्रातच न ठेवता एका वहीत ठेवावे, हा विचार इथे स्पष्ट दिसतो.

इतर बहुतेक ठिकाणी मात्र आज्ञार्थाचेच राज्य होते. ॲडमिन लोक 'शेल स्क्रिप्ट' लिहीत, म्हणजे एकाखाली एक हुकूम: हे कॉपी कर, ते पुसून टाक, या फाईलच्या शेवटी ही ओळ जोड. अशा याद्यांत एक अडचण दडलेली असते. स्क्रिप्ट अर्ध्यावर थांबली आणि पुन्हा चालवली, तर ती ओळ दोनदा जोडली जाते. 'भाजीत चमचाभर मीठ घाल' हा हुकूम घरातल्या दोघांनी पाळला की भाजी खारट होते, तसे. 'दार बंद असावे' हे मात्र दहा जणांना सांगितले तरी बिघडत नाही. पहिला दार लावतो, बाकीचे नऊ पाहून परततात.

या गुणाला गणितात 'आयडेम्पोटंट' असा शब्द आहे. हार्वर्डचे गणितज्ञ बेंजामिन पर्स यांनी तो १८७० साली बीजगणितात आणला. ज्या राशीला तिच्या स्वतःनेच गुणले तरी ती जशीच्या तशी राहते, ती आयडेम्पोटंट. संगणकाच्या कामात त्याचा अर्थ इतकाच, की तेच काम पुन्हा केले तरी परिणाम पहिल्यासारखाच राहतो. बेल लॅब्जमधील स्टुअर्ट फेल्डमन यांच्या 'मेक' या १९७६ सालच्या साधनात या विचाराचा एक नातेवाईक भेटतो. कोणती फाईल कशावर अवलंबून आहे हे त्याला सांगून ठेवले, की ते फायलींच्या वेळा पाहते आणि जे जुने झाले आहे तेवढेच पुन्हा तयार करते. आधी पाहायचे, मग हात लावायचा.

हा विचार संगणकांच्या देखभालीत रुजवण्याचे मोठे श्रेय मार्क बर्जेस यांना जाते. ते मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. ओस्लो विद्यापीठात असताना १९९३ साली त्यांनी 'सीएफइंजिन' लिहायला घेतले. तिथल्या युनिक्स संगणकांचे प्रकार वेगवेगळे होते आणि प्रत्येक प्रकारासाठी स्क्रिप्टमध्ये वेगळी जर-तरची जंत्री वाढत चालली होती. बर्जेस यांनी एक छोटी भाषाच रचली. तिच्यात यंत्र कसे असावे ते लिहायचे. साधन दर वेळी प्रत्यक्ष स्थिती तपासते, फरक असेल तेवढाच मिटवते आणि फरक नसेल तर गप्प बसते. १९९८ साली त्यांनी 'कॉम्प्युटर इम्युनॉलॉजी' या निबंधात संगणकांनाही शरीरासारखी प्रतिकारशक्ती असावी, असा विचार मांडला. यंत्र बिघडल्यावर माणसाने धावून जाण्यापेक्षा यंत्राने स्वतःच ठरलेल्या स्थितीकडे परत यावे, हा त्याचा गाभा.

पुढे २००५ साली ल्यूक केनीस यांचे 'पपेट' आले, २००९ साली 'शेफ' आणि २०१२ साली मायकेल डिहान यांचे 'ॲन्सिबल'. ॲन्सिबल हा शब्द अर्सुला ले ग्विन या लेखिकेने १९६६च्या एका कादंबरीत घडवला. ताऱ्यांमधले अंतर ओलांडून तत्क्षणी निरोप पोहोचवणारे ते काल्पनिक यंत्र आहे. या साधनाचे वैशिष्ट्य असे, की सांभाळायच्या संगणकावर त्याचा कायमचा हस्तक बसवावा लागत नाही. १९९५ साली जन्मलेल्या एसएसएच या सुरक्षित मार्गाने ते आत शिरते, काम करते आणि बाहेर पडते. त्याच्या फायलींत 'प्रेझेंट' आणि 'ॲब्सेंट' हे शब्द सारखे भेटतात. अमुक प्रोग्रॅम हजर असावा, तमुक गैरहजर असावा. शाळेच्या हजेरीपटासारखे हे वाचत जाता येते.

पण 'असावे' म्हटल्याने काहीच घडत नाही. कोणाला तरी प्रत्यक्ष जाऊन दार पाहावे लागतेच. ॲन्सिबलमध्ये हे काम साहाय्यक कोडच्या एका कप्प्यात होते. बाहेरून कोणाच्या नजरेस न पडणारा हा कप्पा मी बारकाईने वाचला आहे आणि या इतिहासाचा खरा ऐवज मला तिथे सापडला. तिथल्या काही फंक्शनांच्या नावांतच सगळे तत्त्व आहे: 'मालक वेगळा असेल तर बदल', 'परवानगी वेगळी असेल तर बदल'. वरच्या विध्यर्थाचे पोट भरणारा हा संकेतार्थ आहे. शेजारीच फाईल जागेवर ठेवणारे एक फंक्शन आहे. ते चालू फाईलवर थेट लिहीत नाही. मजकूर आधी तात्पुरत्या फाईलमध्ये पूर्ण करते आणि मग एका झटक्यात नाव बदलून ती जागेवर आणते. त्यामुळे अर्धवट लिहिलेली फाईल कोणाच्या हाती पडत नाही. आणखी एक भाग नोंदवहीत पासवर्ड उमटू देत नाही. काहीही न बदलता 'काय बदलले असते' एवढेच सांगण्याची सोयही तिथे आहे.

या कप्प्यातील मुख्य फाईलच्या माथ्यावर परवान्याची एक टीप आहे. ॲन्सिबल जीपीएल या परवान्याखाली आहे, पण ही फाईल अधिक सैल अशा बीएसडी परवान्याखाली दिली आहे. तिच्या आधाराने कोणी स्वतःचा भाग लिहिला, तर तो कोणत्या अटींवर द्यायचा हे त्याने ठरवावे, असा हेतू. परक्याने निर्धास्त यावे म्हणून उंबरा मुद्दाम खाली ठेवला आहे.

हे सारे कशासाठी, याचे उत्तर न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात १ ऑगस्ट २०१२ रोजी मिळाले. नाइट कॅपिटल या दलाली कंपनीने आपल्या आठ सर्व्हरांवर नवा प्रोग्रॅम हाताने चढवला होता. त्यात एक सर्व्हर राहून गेला. दुसऱ्या कोणी पडताळणी करावी, असा लेखी नियम नव्हता. बाजार उघडताच त्या आठव्या सर्व्हरवर पडून असलेले जुने कोड जागे झाले. ग्राहकांच्या २१२ मागण्या पुऱ्या करताना पाऊण तासात ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि तोटा ४६ कोटी डॉलरांवर गेला. मधल्या गोंधळात उरलेल्या सात सर्व्हरांवरचे नवे, बरोबर असलेले कोड काढण्यात आले आणि संकट वाढले. 'आठही ठिकाणी हेच असावे' असे एक वाक्य लिहून तपासले असते, तर आठव्याची उणीव बाजार उघडण्यापूर्वी दिसली असती.

म्हणजे विध्यर्थ आला आणि चिंता मिटली, असे मात्र नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने विंडोज संगणकांना एक सदोष फाईल पाठवली. हे साधन वेगळ्या जातीचे, पण एका ठिकाणाहून सर्वांना सारखे करण्याची ताकद तीच. कंपनीने ७८ मिनिटांत फाईल मागे घेतली, तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख यंत्रे बंद पडली होती. आपल्याकडे विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. दुरुस्तीसाठी असंख्य यंत्रांपाशी प्रत्यक्ष जाऊन ती फाईल हाताने पुसावी लागली. नाइटमध्ये एक यंत्र इतरांपेक्षा वेगळे राहिले म्हणून अनर्थ झाला, इथे सगळी यंत्रे एकसारखी चुकली म्हणून.

मी काम केलेल्या कार्यालयांत यंत्रांचे ज्ञान बहुधा एखाद्या ज्येष्ठाच्या डोक्यात किंवा त्याच्या खणातल्या वहीत असे. तो निवृत्त झाला की ते ज्ञानही जाई. मागे राहिलेले आम्ही यंत्रांना हात लावायला भीत असू. 'असावे'ची भाषा आल्यावर ते ज्ञान इतरांना वाचता येऊ लागले. माझ्या मते या साधनांचे सर्वांत मोठे देणे वेळेची बचत नसून हे आहे. मौखिक परंपरेचा ग्रंथ झाला. ग्रंथ झाला म्हणजे त्यात पाठभेद आले, दुरुस्त्या आल्या, वाद घालण्याची सोय आली.

मात्र आपल्या भाषेतील विध्यर्थाची एक खोड इथे ध्यानात ठेवावी लागते. 'दार बंद असावे' या वाक्यात दार आहे, पण लावणारा नाही आणि ते बंद असावे असे कोणी ठरवले, हेही नाही. कर्ता वाक्यातून अलगद नाहीसा होतो. संगणकांच्या दुनियेत या उणिवेवर काढलेला उपाय म्हणजे बदलांचा इतिहास राखणारी साधने. त्यांतले आज सर्वाधिक रूढ असलेले 'गिट' हेही २००५चेच. कोणती ओळ कोणी, केव्हा आणि का बदलली, हे त्यात नोंदलेले राहते. पाचशे यंत्रांनी कसे असावे हे आता एका ओळीत लिहिता येते. म्हणून त्या ओळीखाली लिहिणाऱ्याचे नाव हवे, आणि ती लागू होण्यापूर्वी ती वाचणारा दुसरा माणूसही हवा. नाइटच्या त्या आठ सर्व्हरांपाशी हा दुसरा माणूस नव्हता.