आत्याबाईला मिशा असत्या तर... : डेव्हिड लुईस आणि शक्य जगांची गोष्ट

घरात आपण "मी त्या दिवशी असं केलं असतं तर..." अशी सुरुवात केली की कुणीतरी मोठं माणूस लगेच आपलं तोंड बंद करतं: आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं! म्हणजे काय, जे झालंच नाही त्यावर कशाला बोलायचं?

आजचा भाग अशा तत्त्वज्ञाबद्दल आहे, ज्याने या मिशावाल्या आत्याबाईला पूर्ण गंभीरपणे घेतलं असतं. ती आहे, खरोखर आहे, फक्त आपल्या जगात नाही, असं डेव्हिड लुईसच्या हिशेबाने म्हणावं लागतं.

पण कल्पना त्याच्याही आधीची आहे. १७१० मध्ये जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने लिहिलं की देवासमोर असंख्य शक्य जगं होती आणि त्यातलं सर्वोत्तम निवडून त्याने प्रत्यक्षात आणलं. बाकीची देवाच्या मनातच राहिली. पुढे १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बनमध्ये भूकंप झाला, हजारो माणसं मेली. व्होल्तेअरने १७५९ मध्ये 'कांदीद' ही कादंबरी लिहून "हेच का ते सर्वोत्तम जग?" अशी या विचाराची खिल्ली उडवली. त्यानंतर शक्य जगं बराच काळ अडगळीत पडली.

ती परत आली तर्कशास्त्रातून. १९५९ मध्ये सॉल क्रिपके नावाच्या १८ वर्षांच्या अमेरिकन मुलाचा एक शोधनिबंध छापून आला. 'असणं शक्य आहे' आणि 'असलंच पाहिजे' या शब्दांचं गणित शक्य जगांच्या मदतीने नीट मांडता येतं, हे अशा कामामुळे स्पष्ट होत गेलं. पण बहुतेकांसाठी ही जगं म्हणजे हिशेबाची सोय होती, बस्स.

लुईसचा जन्म १९४१ चा, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला. कॉलेजात रसायनशास्त्र शिकायचं डोक्यात होतं. १९५९-६० मध्ये एक वर्ष ऑक्सफर्डला गेला, तिथे कादंबरीकार आयरिस मर्डॉक त्याच्या ट्यूटर होत्या. परत आला तो तत्त्वज्ञानाचा होऊनच. १९७० पासून शेवटपर्यंत तो प्रिन्स्टनला शिकवत होता.

१९७३ मध्ये त्याचं 'काउंटरफॅक्चुअल्स' हे पुस्तक आलं. विषय एकच, आपलं 'असतं तर, झालं असतं'. कांगारूला शेपूट नसतं तर काय, इथून तो सुरुवात करतो. त्याचं म्हणणं साधारण असं: बाकी सगळं शक्य तितकं आपल्यासारखंच, पण कांगारू बिनशेपटीचे, असं सर्वात जवळचं जग घ्या. तिथे जे घडतं, ते तुमचं उत्तर.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आणि आम्ही रोज हेच करतो. सर्व्हर बसला की पहिला प्रश्न: शुक्रवारी संध्याकाळी तो बदल टाकला नसता तर बसला असता का? 'नसता' असं उत्तर आलं, तर कारण सापडलं. कारण म्हणजे काय, याची लुईसने त्याच वर्षी एका निबंधात मांडलेली मूळ कल्पना हीच आहे.

इथपर्यंत ठीक. पण १९८६ च्या 'ऑन द प्लुरॅलिटी ऑफ वर्ल्ड्स' या पुस्तकात त्याने ठाम बाजू मांडली की ती सगळी जगं आपल्या जगाइतकीच खरी आहेत. मग आपलं जग 'प्रत्यक्षातलं' कसं? फोनवर पुण्यातला म्हणतो "मी इथे आहे", नागपूरची म्हणते "मी इथे आहे". दोघंही बरोबर. 'प्रत्यक्षात' हा शब्द 'इथे'सारखाच आहे, असं लुईस म्हणतो.

सिनेमातलं मल्टिव्हर्स मात्र डोक्यातून काढून टाका. लुईसच्या जगांमध्ये कसलाच रस्ता नाही. जाता येत नाही, निरोप धाडता येत नाही. लोक अविश्वासाने त्याच्याकडे नुसते बघत राहायचे. युक्तिवादाला उत्तर देता येतं, अशा नजरेला काय उत्तर देणार, हे त्यानेही मान्य केलं होतं.

खरा टोचणारा आक्षेप पुढचा आहे. सगळ्या शक्यता कुठे ना कुठे खऱ्याच असतील, तर इथे बुडणाऱ्या मुलाला वाचवून काय मिळालं? दुसऱ्या कुठल्या तरी जगात तसाच मुलगा बुडणारच. सगळ्या जगांची बेरीज तर बदलत नाही!

लुईसचं उत्तर मला फार आवडतं: आपण बेरजेसाठी वाचवत नाही. आपल्याला या मुलाची काळजी असते, जो आपल्या जगात, आपल्यासमोर आहे. शिवाय त्याच्या मते तुम्ही एकाच जगात असता. इतर जगांत असतात ती तुमच्यासारखी माणसं, तुम्ही नव्हे. क्रिपकेने इथेच त्याला पकडलं होतं. १९६८ ची अमेरिकन राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरलेल्या हम्फ्रीला, दुसरीकडे त्याच्यासारखा कुणी जिंकला याचं काय सुख? मुद्दा बिनतोड वाटतो. "मी जिंकलो असतो" ही हळहळ 'मी'बद्दल असते, माझ्यासारख्या दिसणाऱ्याबद्दल नाही. लुईसचं उत्तर असं की हम्फ्री जिंकू शकला असता हे विधान हम्फ्रीबद्दलच आहे, तो दुसरा माणूस फक्त ते खरं ठरवतो. हा वाद आजही मिटलेला नाही.

लुईसला मधुमेह होता. २००० साली त्याची किडनी निकामी झाली, तेव्हा पत्नी स्टेफनीने स्वतःची किडनी दिली. त्यानंतर तो वर्षभराहून थोडा जास्त जगला आणि १४ ऑक्टोबर २००१ रोजी, ६० व्या वर्षी गेला.

त्याच्याच सिद्धांताप्रमाणे, असंही जग आहे जिथे त्याच्यासारख्या माणसाला किडनी मिळाली नाही, आणि असंही, जिथे तो अजून शिकवतोय. पण स्टेफनीने ज्याला किडनी दिली, तो या जगातला होता. जगं कितीही असोत, ते देणं इथलं होतं.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी आत्याबाईच्या मिशा काढल्या, तर गप्प बसू नका. 'असतं तर' म्हटल्याशिवाय चूक कुठे झाली तेच कळत नाही. ती कळली की मात्र दुरुस्ती याच जगात करायची आहे. भेटूया पुढच्या भागात!